जीव वाचला ना, मग डोळ्यांचं काय एवढं?

आपल्या मराठीत रडण्यासाठी शब्दांची कमी नाही. टिपं गाळणं, डोळ्याला पदर लावणं, हमसून हमसून रडणं, मुळूमुळू रडणं, धाय मोकलणं... आणि यातलं बहुतेक सगळं बाईच्याच वाट्याला आलेलं! पाठवणीत रडायचं, मयतीत रडायचं, मालिका बघताना रडायचं. त्यामुळेच असेल, पण डोळ्यातलं पाणी म्हणजे मनाचा मामला अशी आपली पक्की समजूत झाली आहे. आपण हसत असतो, पोळ्या लाटत असतो, तेव्हाही ते डोळ्यात गुपचूप पाझरत असतं आणि ते आटलं तर डोळाच जाऊ शकतो, हे कुणाच्या गावीही नसतं.

मैत्रिणींनो, आज हा विषय काढायचं कारण आहे. कॅन्सरवर जे रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा नुसतंच 'लाईट घेणं' म्हणतात, त्याने काही जणींच्या डोळ्यातलं पाणी आटतं. काही जणींचं उलट, दिवसभर वाहतच राहतं. आणि याबद्दल त्या बाईला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

गेली काही वर्षं आमच्या महिला मंडळाच्या आम्ही चार-पाच जणी अशा पेशंटच्या घरी जातो. योजनेचे कागद, एस.टी.च्या सवलतीचा दाखला, फॉलोअपची तारीख, अशी कामं असतात. काम झालं की चहा होतो आणि खऱ्या गप्पा तेव्हा सुरू होतात. त्या गप्पांत एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला राग येतो. "जीव वाचला ना, मग डोळ्यांचं काय एवढं?" कधी हे नवरा म्हणतो, कधी जाऊ म्हणते. बहुतेक वेळा ती बाई स्वतःच म्हणते, आणि म्हणताना डोळा चोळत असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उगाच घबराट व्हायची. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी शेक घेतला तर त्या शेकाने अश्रूंना काही होत नाही. किरण जिथे सोडतात तिथेच त्यांचं काम चालतं. प्रश्न येतो तो डोळ्याच्या आसपासच्या जागेचा. वरच्या जबड्याच्या आणि गालाच्या हाडातली पोकळी, नाक, नाकामागचा घसा, डोळ्याच्या खोबणीतल्या गाठी आणि कधी कधी मेंदूचा शेक. तोंडाच्या खालच्या भागातला, मिश्री-तंबाखूने होणारा गालाचा किंवा जिभेचा कॅन्सर असेल तर डोळा सहसा लांब राहतो. त्यात लाळ आटते, त्याचा त्रास वेगळा.

आता डोळ्याचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याला, हाडाच्या खोबणीत बदामाएवढी एक ग्रंथी असते. ही अश्रुग्रंथी. कांदा चिरताना, डोळ्यात कचरा गेल्यावर आणि मन भरून आल्यावर जे भरभरून पाणी येतं ते मुख्यतः हिचं. शिवाय पापणीच्या आतून अगदी बारीक ग्रंथी असतात आणि पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात. पाणी, तेल आणि थोडा चिकट पदार्थ मिळून डोळ्यावर एक पातळ थर होतो. पापणी मिटली की तो सारखा पसरतो. वापरून झालेलं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन छोट्या छिद्रांतून नळीत जातं आणि नाकात उतरतं. म्हणून तर रडलं की नाकही वाहतं! घरात वर पाण्याची टाकी आणि खाली मोरी असते ना, तसंच समजा. शेकाने टाकीही बिघडते आणि मोरीही तुंबते.

आमच्या गावातल्या एक वहिनी आहेत. ब्लाऊज शिवणं, फॉल-पिको, साडीला गोंडे, यावर त्यांचं घर चालतं. उजव्या गालाच्या हाडातल्या पोकळीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग मोठ्या शहरात धर्मशाळेत राहून तीस शेक घेतले. आठवड्याला पाच, सहा आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवायचा आणि हलायचं नाही. वहिनींनी ते सगळं एकदाही कुरकुर न करता केलं. परत आल्या तेव्हा गावाने कौतुक केलं, आणि ते करायलाच हवं होतं.

काही महिन्यांनी उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटायला लागलं. सकाळी पापणी चिकटलेली असायची. सुई ओवताना आधी स्पष्ट दिसायचं, मग धूसर. पापण्या मिटल्या की परत थोडं स्पष्ट. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून झाला. मेडिकलवाल्याने लाली जायचे थेंब दिले, लाली गेली आणि पुन्हा आली. कुणीतरी मध घालायला सांगितला, तोही घातला. या सगळ्यात वर्ष गेलं. शेकाचा आणि डोळ्याचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण शेक संपून किती दिवस झाले होते! फॉलोअपला जायच्या तेव्हा तिथे गालाची तपासणी व्हायची, गाठ परत आली नाही ना हे पाहिलं जायचं. डोळ्याचं कुणी विचारलं नाही, आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा वेळ डोळ्यातल्या खुपण्यासाठी कसा घ्यायचा म्हणून वहिनी बोलल्या नाहीत.

मधल्या काळात त्यांच्या सासूबाई वारल्या. या सासू-सुनेचं फार मेतकूट. दुखण्यात सासूबाईंनी सुनेला भरवलेलं आहे, वयाच्या पंचाहत्तरीत. मयतीला बायका जमल्या. वहिनी रडत होत्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून धार लागली होती. उजवा डोळा लाल, पण कोरडा ठणठणीत. पाणी यायला हवं तिथे नुसती आग होत होती. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. "एकाच डोळ्याने रडते बघ." कुणीतरी 'नाटकी' हा शब्दही वापरला. तो त्यांच्या कानावर गेला. मला हे त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं, तेही मशीनवर मान खाली घालून. कॅन्सरचं नाव ऐकलं तेव्हा जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं, असं म्हणाल्या.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बुबुळावर जखम होऊन फूल पडायला लागलेलं होतं. आता औषधांनी ते थांबलंय, पण उजव्या डोळ्याने जे गेलं ते गेलं. वहिनी आज एका डोळ्याच्या भरवशावर मशीन चालवतात. काजं-बटणांचं काम त्यांनी सोडलं, म्हणजे तेवढी कमाईही सोडली.

मला राग कशाचा येतो सांगू? हे डॉक्टरलोकांना नवीन नाही. १९९४ साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटची माहिती छापली होती. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापात मोजतात. ज्यांच्या अश्रुग्रंथीला ५७ ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा बसली होती त्या सगळ्यांनाच डोळ्याचा तीव्र कोरडेपणा आला. ३० ग्रेच्या आत होते त्यांना तसा आला नाही. रोजचे दोन ग्रे धरले तर तीस शेकांचे साठ होतात. म्हणजे गाठ डोळ्याला खेटून असेल आणि ग्रंथी किरणांच्या वाटेत येत असेल, तर काय होणार हे आधीच सांगता येण्यासारखं आहे. कुणाला ते महिन्याभरात होतं, कमी मात्रा बसलेल्यांना कधी कधी काही वर्षांनी होतं.

डॉक्टरांची बाजूही समजते मला. समोर पन्नास पेशंट बसलेले. गाठ जीव घेणारी. डोळा वाचवायच्या नादात गाठ राहिली तर? पहिला हक्क जीवाचाच. शिवाय आता नव्या मशीनवर किरणांना वळण देऊन अश्रुग्रंथीला कमी मात्रा देता येते, आणि जिथे शक्य तिथे डॉक्टर ती देतातही. प्रत्येक वेळी ते जमत नाही. पण ग्रंथी वाचवता आली नाही तरी बाईला सांगता येतं ना? "ताई, या डोळ्याचं पाणी कमी होणार आहे. खुपायला लागायची वाट बघू नका, आजपासून थेंब सुरू करा, तीन महिन्यांनी डोळे दाखवा." याला एक मिनिट लागतं. वहिनींना ते एक मिनिट मिळालं असतं तर त्यांचं वर्ष गेलं नसतं.

यात एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. कोरड्या डोळ्यातून कधी कधी पाणी वाहतं! बायका म्हणतात, "अहो, माझ्या डोळ्याला तर धार लागते, कोरडा कसा असेल?" तुळशीची कुंडी चार दिवस पाण्यावाचून राहिली की काय होतं? वरून पाणी ओतलं की ते मातीत मुरत नाही, कडेकडेने खाली निघून जातं. तसंच हे. डोळ्यावरचा थर टिकत नाही, म्हणून डोळ्याला टोचतं. टोचलं की ग्रंथीत जी काही ताकद उरली असेल ती एकदम पाणी सोडते, आणि ते टिकतच नाही. त्यामुळे नुसतं पाणी येतं का यावरून कोरडेपणा ठरवायचा नाही. डोळ्यांचे डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी पाच मिनिटं अडकवून ठेवतात आणि ती किती भिजली ते मोजतात. पाच मिलिमीटरही भिजली नाही तर मामला गंभीर. एक कागदाची पट्टी आणि पाच मिनिटं! याला मुंबई-पुणं लागत नाही.

आता मोरी तुंबण्याकडे येते. थायरॉईडचा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. त्यात ऑपरेशननंतर काही जणींना किरणोत्सारी आयोडीन देतात. ते तोंडाने घ्यायचं असतं, आणि मोठा डोस असेल तर दोन-चार दिवस वेगळ्या खोलीत एकटीने राहायचं. हा शेक बाहेरून नसतो, आतून असतो. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात म्हणून हा उपाय चालतो. पण अश्रूंच्या पिशवीच्या आणि नळीच्या अस्तरातही आयोडीन ओढणारी तशीच व्यवस्था असते. त्यामुळे मोठा डोस घेतलेल्यांपैकी थोड्या जणींची ती नळी आतून सुजून आकसते आणि बंद होते. साधारण वर्षभराने हे लक्षात येतं. (थायरॉईड जास्त काम करतं म्हणून जो आयोडीनचा डोस देतात तो बराच लहान असतो. त्यात हा त्रास सहसा होत नाही, तेव्हा त्या मैत्रिणींनी काळजी करू नये.)

आमच्या ओळखीच्या एक प्राथमिक शाळेतल्या बाई आहेत. त्यांचं असंच झालं. फळ्यावर लिहिताना डोळे गळायचे. दुसरीतली पोरं विचारायची, "बाई, तुम्ही रडता?" पोरांचं ठीक आहे हो. पण शिक्षक-खोलीत चर्चा सुरू झाली की हिच्या घरी काहीतरी चाललंय. नवऱ्याकडे संशयाने बघायला लागले लोक. बिचारा नवरा डबा पोचवायला यायचा तोही बंद झाला. बाईंना आपण रडत नाही हे रोज पटवून द्यावं लागायचं, आणि त्याने मात्र खरंच रडू यायचं! कान-नाक-घसा आणि डोळे अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून त्यांचं ऑपरेशन केलं. अश्रूंच्या पिशवीपासून थेट नाकात नवी वाट काढतात, काही दिवस बारीक नळी ठेवतात. त्या आता छान आहेत. नळी तुंबण्यावर असा रस्ता आहे. आटलेली ग्रंथी मात्र पुन्हा पहिल्यासारखी करता येत नाही, तिथे डोळा जपत राहणं एवढंच हातात असतं. म्हणून वेळेचं महत्त्व.

जपायचं म्हणजे काय? एक तर घरगुती प्रयोग बंद. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, हे सगळं मी लोकांच्या घरी डोळ्यात घातलेलं पाहिलंय. साध्या डोळ्यात घालणंही धोक्याचंच, पण शेक बसलेल्या डोळ्यात अश्रूंचा पहारा नसतो. जंतू आत गेला की त्याला धुऊन काढणारं कुणी नाही. काजळाचंही तेच. आजेसासूबाईंच्या हातचं, घरचं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं असलं तरी नको. मेडिकलच्या काउंटरवरून 'लाली जायचे' थेंब मागून आणू नका. त्यात पुष्कळदा स्टिरॉईड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू, मोतीबिंदू मागे लागतो.

घालायचे ते कृत्रिम अश्रू, डॉक्टरांनी सांगितलेले. दिवसातून किती वेळा हे त्यांनाच विचारा, कारण वारंवार घालायचे असतील तर टिकवण्याचं रसायन नसलेले थेंब लागतात. नेहमीच्या बाटलीतलं ते रसायन सारखं सारखं गेलं तर डोळ्यालाच टोचतं. रात्री झोपताना मलम किंवा जेल. बाटली फोडली की सहसा महिन्याभरात टाकायची, अर्धी उरली तरी. इथे आपला जीव कळवळतो हे मला माहीत आहे, आपण तेलाची पिशवीसुद्धा कापून पुसून घेणाऱ्या बायका! पण इथे काटकसर नको. चुलीच्या धुरापासून लांब बसा, एस.टी.त खिडकी दुसऱ्याला द्या, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. उन्हा-वाऱ्यात बाजूने झाकणारा गॉगल लावा. गावात बाईने गॉगल लावला की लोक 'हिरॉईन' म्हणतात. म्हणू देत. शिवणकाम, निवडण-टिपण करताना आपण पापणी मिटायचंच विसरतो, तेव्हा मध्ये मध्ये मुद्दाम डोळे मिटा. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर नाकाजवळची ती बारीक छिद्रं बंद करून आहे ते पाणी डोळ्यात राखतात.

आता पैशाचं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना (२०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती) आली आणि आमच्यासारख्या गावांतल्या किती जणी शेक पूर्ण करू शकल्या. आधी मंगळसूत्र विकून अर्धे शेक घेऊन परत आलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे या योजनेचं मोल मला माहीत आहे. पण तिचा हिशोब दवाखान्यातल्या पॅकेजचा. शेक बसतो, ऑपरेशन बसतं. त्या शेकामुळे घरी वर्षानुवर्षे घालाव्या लागणाऱ्या थेंबांचा खर्च मात्र घरच्याच डब्यातून. आणि घरात खर्चाची काटछाट सुरू झाली की पहिली बाटली कुणाची बंद होते? सासऱ्यांच्या बी.पी.ची गोळी बंद होत नाही, मुलाचा क्लास बंद होत नाही. बाई म्हणते, "मला आता बरं आहे." जनऔषधी केंद्रात साधे कृत्रिम अश्रू स्वस्तात मिळतात, तिथे जरूर विचारा. पण माझं म्हणणं असं की सरकारने ज्या उपचाराचे पैसे दिले त्या उपचाराने आलेल्या कोरडेपणाचे थेंबही सरकारनेच द्यावेत. जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर, शेकाचं कार्ड दाखवून. हे उपकार म्हणून मागत नाही मी. भाताबरोबर वरण असतंच ना, तसं.

आणि आपणही तोंड उघडायला शिकायला हवं. मान, तोंड, नाक, डोळा, मेंदू, यातल्या कुठल्याही शेकाआधी घरातल्या कुणीतरी एवढं विचारावं : किरणांच्या वाटेत डोळा येतो का? अश्रुग्रंथी वाचवता येईल का? डोळ्यांची पहिली तपासणी कधी करायची? थायरॉईडच्या आयोडीनआधी विचारावं : डोळे गळायला लागले तर कुणाकडे जायचं? डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर रागावले.

आमच्या मंडळाने या प्रश्नांचा अर्ध्या पानाचा मराठी कागद तयार केला आहे. एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तो तपासून घेतला. शेक देणाऱ्या एका रुग्णालयाला पत्र लिहून विचारलंय की पहिल्या दिवशी मास्कचं माप घेता तेव्हा हा कागद पेशंटच्या हातात द्याल का? झेरॉक्सचा खर्च आम्ही करू. पत्र देऊन दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी आम्ही तिघी जणी स्वतः जाणार आहोत. वहिनी म्हणाल्या, मीही येते. गॉगल लावून.